येसाई आणि जोडमोड

फार पूर्वी, राजा कोण होता हेही आता कुणाला सांगता येणार नाही अशा काळी, डोंगराच्या पायथ्याला घोंगड्या विणणाऱ्यांचं एक गाव होतं. घरोघरी माग होते, दारोदारी बायका लोकर पिंजत बसलेल्या असत. सकाळ झाली की शिजणाऱ्या चिंचोक्यांच्या खळीचा वास गावभर पसरायचा, कारण त्या खळीशिवाय घोंगडीला ताठपणा येत नाही. थंडी तिथं फार. म्हणून घोंगडीही तिथलीच चांगली.

गोष्ट लहानांसाठी आहे आणि थोरांसाठीही. थोरांनी जरा जास्त लक्ष द्यावं, कारण यात चूक झाली ती थोरांच्याच हातून.

त्या गावात एक रीत होती. विधवेनं विधुराशी पाट लावला, किंवा वेगळे झालेले भाऊ पुन्हा एकत्र राहायला आले, की दोन्ही घरांचं सामान एका अंगणात मांडायचं. एका घरात एकाच कामाच्या दोन वस्तू ठेवायच्या नाहीत. दोन चुली झाल्या की घर दुभंगतं, दोन जात्यांचं पीठ एका टोपल्यात सुखानं राहत नाही, असं जुनी माणसं म्हणत. म्हणून प्रत्येक जोडीतली एक वस्तू घरात राहायची आणि दुसरी गावाच्या शिवेवर, हिवराच्या झाडाखाली नेऊन ठेवायची. ज्याला लागेल त्यानं ती उचलावी. ज्यानं ठेवली त्यानं मात्र ती पुन्हा घरात आणायची नाही. या रीतीला ते जोडमोड म्हणत.

रीत तशी वाईट नव्हती. एखाद्या गरिबाला फुकटात उखळ मिळून जायचं, वाटसरूला हंडा मिळायचा. देवांना तेवढी या रीतीतून सूट होती. दोन्ही घरांचे टाक एकाच देव्हाऱ्यात बसत. देव कितीही झाले तरी गर्दी होत नाही म्हणे, अडचण होते ती माणसांची.

या गोष्टीतल्या माणसांची नावं आता गावाच्या लक्षात नाहीत. एकच नाव राहिलं आहे, ते येसाईचं.

येसाई ही गावाच्या खालच्या अंगाला राहणारी एक म्हातारी. नवरा कधीच गेला होता. एकुलता एक मुलगा होता, तोही एका पावसाळ्यात तापानं गेला. मागं उरल्या येसाई आणि तिची तरुण सून. दोघी लोकर पिंजत, सूत काढत, मिळेल ते अर्धं अर्धं खात. नात्यानं सासू-सून खऱ्या, पण भांडण ऐकायला मिळेल म्हणून टपून बसलेल्या शेजारणी कायम हात हलवत परत जात.

गावाच्या वरच्या अंगाला एक विणकर राहत होता. माणूस शांत, कामाचा. त्याची बायको बाळंतपणात गेली होती आणि मूलही वाचलं नव्हतं. घरात तो आणि त्याची आई. आईच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. मनात काय आहे ते देव जाणे, तोंडातून मात्र सदा काटेच पडायचे.

एक दिवस येसाई सुनेला म्हणाली, "पोरी, माझं सरत आलं. तुझं अजून सगळं ऱ्हायलंय. त्या वरच्या इनकराचं मानूस आलं हुतं. चांगला हाय त्यो. पाट लाव त्याच्यासंगं."

सून म्हणाली, "आत्याबाई, असलं बोलू नगा."

"बोलू नगा म्हनून पोट भरत न्हाई. माझ्या लेकानं तुला आनली, त्यो गेला. त्यात तुजा काय गुन्हा? मी शब्द दिऊन टाकनार हाय."

सून खूप रडली. 'तुमचं काय?' हा प्रश्न तिच्या अगदी ओठांवर आला होता. पण तो विचारला तर येसाई म्हणेल, 'माझं काय, मी पडीन कुठं बी', आणि मग वाद होईल, हे तिला ठाऊक होतं. बोलण्यापेक्षा करून दाखवावं, असं तिनं ठरवलं. जिथं मी तिथं आत्याबाई, हे तिनं त्याच क्षणी मनाशी पक्कं केलं. मग ती डोळे पुसून पुन्हा लोकर पिंजायला बसली.

येसाईनं थोडा वेळ वाट पाहिली. सून आणखी काही बोलली नाही, तेव्हा तीही पिंजायला बसली.

हिवाळा लागला तसा पाट लागला. सून विणकराच्या घरी गेली. रीतीप्रमाणे जोडमोड होईपर्यंत जुन्या घरचं माणूस जुन्याच घरी झोपायचं, म्हणून येसाई आपल्या खोपटात राहिली. सून रोज सकाळी भाकरी घेऊन यायची, चूल पेटवून द्यायची, आणि संध्याकाळच्या आत परत जायची.

आता सुनेच्या मनात काय चाललं होतं ते ऐका. ती हुशार होती, आणि पुढचा सगळा घोळ त्या हुशारीतून झाला.

तिला भीती होती ती विणकराच्या आईची. एका घरात दोन म्हाताऱ्या, त्यातली एक नव्या सुनेच्या पहिल्या नवऱ्याची आई. तिचं या घराशी नातं काय? कुणी विचारलं तर सांगणार काय? आपण आधीच मागायला गेलो तर ही बाई काट्याचा नायटा करील, घासाघीस करील, नाही म्हणेल, आणि एकदा तिनं नाही म्हटलं की तो शब्द फिरायचा नाही. म्हणून सुनेनं मनात बेत केला. जोडमोडीत आपण काहीच मागायचं नाही. प्रत्येक जोडीत आपली वस्तू सोडून द्यायची, तोंडातून हूं की चूं काढायचं नाही. सगळं सोडून झालं की शेवटी चारचौघांसमोर पदर पसरायचा आणि म्हणायचं, 'मी सगळं सोडलं, मला माझ्या आत्याबाई तेवढ्या द्या.' जिनं सगळं सोडलं तिला एका मागणीवर नाही म्हणायला कुणाचं तोंड होईल?

बेत चांगला होता. पण तिनं तो कुणालाच सांगितला नाही. येसाईलाही नाही. सांगितलं की दृष्ट लागते, असं तिला वाटलं.

जोडमोडीचा दिवस आला. दोन्ही घरांचं सामान विणकराच्या अंगणात मांडलं गेलं. गावचा जाणता म्हातारा काठी घेऊन आला. शेजारीपाजारी जमले. येसाईला ओट्यावर पोतं टाकून बसवलं. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली, पदर कानांवरून घट्ट ओढून.

जाणत्यानं पहिल्यांदा जात्यांच्या जोडीला काठी लावली. "कुनाचं ऱ्हायचं?"

विणकराची आई लगेच म्हणाली, "आमचं. आमच्या जात्याचा खुंटा नवा हाय."

येसाईचं जातं जुनं होतं. पण ते फार हलकं फिरायचं आणि पीठ बारीक यायचं. तिच्या मुलानं जाण्याआधीच्या उन्हाळ्यात स्वतः बसून छिन्नीनं त्याला टाकी लावली होती. ते सुनेला चांगलं ठाऊक होतं, कारण तेव्हा त्याच्या डोळ्यात गेलेला दगडाचा कण तिनंच पदराच्या टोकानं काढला होता. येसाईनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं मान खाली घातली आणि ती गप्प राहिली.

"मंग हे शिवंवर," जाणता म्हणाला, आणि गड्यांनी येसाईचं जातं गाडीत चढवलं.

मग काठवटींची जोडी आली. येसाईची काठवट बाभळीची, तिच्या नवऱ्यानं कोरलेली. तिच्या एका कडेला तडा होता आणि तो त्यानंच तारेनं शिवला होता. विणकराची आई म्हणाली, "शिवलेल्या काठवटीत पीठ मळलं तर भाकरीत तार येईल." लोक हसले. सून गप्प राहिली. काठवट गाडीत गेली.

उखळ गेलं. पाटा-वरवंटा गेला. पाणी तापवायचा हंडा गेला, शिंकं गेलं. दर वेळी येसाई सुनेकडं पाहायची आणि दर वेळी सून मान खाली घालायची. आणि दर वेळी सून मनात म्हणायची, 'जाऊ दे. आणखी एक सोडलं. माझं मागणं आणखी भारी झालं.' ती जशी जशी सोडत होती, तशी तशी आतून तिला उभारी येत होती. येसाईला त्यातलं काय दिसणार? तिला दिसत होतं ते एवढंच, की तिच्या घरातली वस्तू न् वस्तू जाते आहे आणि पोर एका शब्दानं अडवत नाही.

शेवटी घोंगड्या आल्या. विणकराच्या घरात घोंगड्यांना काय तोटा! येसाईच्या घरातून आली होती एकच, तिच्या मुलाची. काळी, मधे विटलेली, एका कोपऱ्यात निखाऱ्यानं भोक पडलेली. जाणत्यानं तिला काठी लावली तेव्हा सुनेचे ओठ हलले. विणकरानं ते पाहिलं. तो म्हणाला, "ही ऱ्हाऊ द्या की. घोंगडीला काय जोड अन् काय मोड."

सुनेला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. पण तिला वाटलं, एक वस्तू मागून घेतली की शेवटचं मागणं हलकं होईल. लोक म्हणतील, घोंगडी घेतलीस ना, आता बस. तिनं ओठ मिटले आणि मान हलवली. "जाऊ द्या," ती म्हणाली. सबंध दिवसात ती तेवढंच बोलली.

ओट्यावरून येसाई हळूच म्हणाली, "बरं केलंस, पोरी. लई जुनी झाली हुती." तिचा आवाज बरा होता. निदान तिथं जमलेल्या कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दिवस कलायला लागला. जाणता थकला होता. "आता जोडीचं काय ऱ्हायलं?" त्यानं विचारलं.

विणकर म्हणाला, "दोन चुली. आन् किडूकमिडूक."

"ते उद्या सकाळी बगू. आनि काय हाय का?"

तेव्हा विणकराची आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आनि काय? ऱ्हायलो आमी दोघी म्हाताऱ्या! आता उद्या काठी लावून ठरवा, कुनाची ऱ्हायची आन् कुनाची शिवंवर!"

सगळे खळखळून हसले. विणकर हसला. जाणता हसला. आणि सूनही हसली. दिवसभर आवळून धरलेलं मन सैल झालं होतं. उद्या नेमकं हेच मागायचं आहे आणि या बाईनं स्वतःच विषय काढला, म्हणजे उद्या सोपं जाईल, असं तिला वाटलं. म्हणून ती हसली. अगदी मोकळं हसली.

येसाईनं सुनेला हसताना पाहिलं. मग तीही हसली. आणि मला सांगा, दुसरं काय करणार होती ती?

सामानाची गाडी शिवेकडं निघाली. येसाई ओट्यावरून उतरली आणि गाडीमागून चालायला लागली. विणकरानं विचारलं, "कुटं निगालासा?"

"सामान पोचवून येते जरा," ती म्हणाली. "लई वर्सं वापरलंय."

विणकराला ते पटलं. म्हाताऱ्या माणसाला आपल्या वस्तूंना निरोप द्यावासा वाटणारच. सून तेव्हा आत चुलीपाशी होती. विणकराची आई मागच्या बाजूला शेण कालवत होती. येसाई गाडीमागून चालत गेली आणि तिच्या मागं कुणी गेलं नाही.

गाडीवाल्यानं हिवराखाली सामान उतरवलं. येसाई आपल्या जात्यावर बसली आणि त्याला म्हणाली, "तू हो म्होरं. मी बसते थोडी, मंग जाते." गाडीवाल्याला वाटलं, ही आता आपल्या खोपटाकडं जाईल. त्यानं बैल वळवले. सुनेलाही वाटलं, आत्याबाई आज शेवटचं खोपटात झोपतील, उद्यापासून आपल्यापाशीच आहेत. त्या रात्री ती फार सुखानं झोपली. नंतरच्या आयुष्यात तिला त्या एका सुखाच्या झोपेचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

सकाळी ती भाकरी घेऊन खोपटाशी गेली. दाराला बाहेरून कडी होती. आत चूल गार. ती शिवेकडं धावली. हिवराखाली काहीच नव्हतं. जातं नव्हतं, काठवट नव्हती, घोंगडी नव्हती. येसाई नव्हती. दवानं ओल्या झालेल्या मातीत बैलांच्या खुरांचे पुष्कळ ठसे होते. मिठाच्या गोण्या बैलांच्या पाठीवर लादून घाट चढणारे तांडे त्या दिवसांत तिथून जायचे. असाच एखादा तांडा पहाटे जाताना सामान घेऊन गेला असणार.

विणकर त्या ठशांमागून पळाला. डोंगराच्या खांद्यावर वाट फुटत होती आणि फुटलेल्या प्रत्येक वाटेवर खुरांचे ठसे होते. तो एका वाटेनं दूरवर गेला, परत आला, दुसरीनं गेला. संध्याकाळी तो रिकाम्या हातांनी घरी आला, तेव्हा अंगणात जाणता आणि शेजारी गोळा होऊन उभे होते. उरलेलं किडूकमिडूक तसंच पडलं होतं.

सून अंगणाच्या मधोमध बसली होती. ती म्हणाली, "मला येकच मागायचं हुतं. समदं त्याच्यासाटी सोडलं मी. म्या आज पदर पसरनार हुते, आत्याबाईंना द्या म्हनून."

विणकर तिच्यापुढं खाली बसला. "त्यात मागायचं काय हुतं? त्या येनारच हुत्या की. मी पाट लावला तवाच धरून चाललो हुतो."

"मंग बोलला का न्हाई?"

"आगं, हे काय बोलायचं असतंय?"

तेवढ्यात विणकराची आई आतून आली. तिच्या नखांत कालच्या सारवणाचं शेण अजून होतं.  तिनं सुनेचा हात धरला आणि तिला आत नेलं. चुलीच्या जवळचा, घरातला सगळ्यात उबदार कोपरा सारवून काढलेला होता. त्यावर दोन घोंगड्या अंथरल्या होत्या, आणि उशाला पाण्याचा तांब्या ठेवलेला होता.

"काल समदी निजल्यावर सारवला," ती म्हणाली. "म्हनलं, ह्या वयात बोलायला कुनी तरी बरुबरीचं पायजे. माज्याशी कोन बोलतंय? दोघी मिळून सूत काडलं असतं." तिनं तांब्या उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. "मला काय म्हाईत, ती माजं थट्टेतलं खरं धरंल म्हनून."

"तुमी त्यास्नी 'या' म्हनला असता तर?" सून म्हणाली.

"मी का आदी बोलू? मला वाटलं, तुमी इचाराल."

 जाणता काठी घेऊन आला होता, ती तशीच घेऊन घरी गेला.

तर असं झालं. त्या घरात येसाईसाठी सुनेनं जागा ठेवली होती, विणकरानं ठेवली होती, आणि जिची सगळ्यांना भीती होती त्या बाईनं तर सारवून ठेवली होती. फक्त येसाईलाच ते ठाऊक नव्हतं. जिला सांगायला हवं होतं, तिला सोडून प्रत्येकानं आपापल्या मनाला सांगितलं होतं. मला कधी कधी या तिघांचा फार राग येतो, आणि रागवून होतं तोवर वाईट वाटायला लागतं.

पुढं दिवस गेले. घर रीतीप्रमाणे एक झालं होतं. एक चूल, एक जातं, एक उखळ. त्या घरात कमी काहीच नव्हतं. पण विणकराच्या आईच्या तोंडाला मिठी बसली ती कायमची. ती टोचून बोलेना, थट्टा करीना, नुसती सूत काढत बसे. गावातल्या बायका आधी तिच्या जिभेला भीत, आता तिच्या गप्प बसण्याला भ्यायला लागल्या. चुलीजवळच्या कोपऱ्यात तिनं कुणाला झोपू दिलं नाही, आणि काही वर्षांनी ती गेली.

सून दर हिवाळ्यात शिवेवर जाऊन उभी राहायची. मिठाचा तांडा दिसला की पुढं होऊन विचारायची, "अशी अशी एक म्हातारी तुमच्यात आली का?" कुणी नाही म्हणायचं, कुणी तिच्याकडं नुसतं बघून पुढं जायचं. तिच्या डोक्यात पांढरे केस दिसायला लागले तरी तिनं विचारणं सोडलं नाही. विणकर तिच्याबरोबर यायचा आणि थोडा लांब उभा राहायचा.

एका हिवाळ्यात एका तांड्यातली एक बाई थांबली. "येसाई का?" ती म्हणाली.

सुनेनं तिचा हात घट्ट धरला.

"व्हती आमच्यात," ती बाई म्हणाली. "आमी पहाटं जातं उचलाया आलो, तर ही त्याच्यावर बसल्याली. थंडीनं पार कडक झाल्याली. म्हनली, 'जातं नेताय तर दळाया हात लागतील, मला बी न्या.' लई दिस दळून घातलं तिनं आमाला. पोरं जिवाला जीव द्यायची तिच्या. मंग घाटाच्या पल्याड एका पावसाळ्यात गेली. नीट गेली. आमी मूठमाती दिली."

"कदी माजं नाव काडलं का हो?" सुनेनं विचारलं. "कदी रागं भरल्या?"

"न्हाई बाई. राग कसला? आमी इचारायचो, आजी, तुजं कुनी न्हाई का? तर म्हनायची, 'हाय की. सून हाय माजी, सोन्यासारकी. तिनं मला तोंडानं जा म्हनून कदी सांगितलं न्हाई. तिला सांगायची पाळी येऊ ने, म्हनून मीच निगाले.' मराया टेकली तवा बी हेच म्हनत हुती. 'माज्या सुनंनं मला जा म्हटलं न्हाई गं.'"

तांडा घाटाला लागला. बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येईनाशा झाल्या तरी सून तिथंच उभी होती. विणकर जवळ आला. त्यानं तिला घरी चल म्हटलं.

तेव्हा ती म्हणाली, "जा म्हनले न्हाई, हे खरं हाय. पन आवं, ऱ्हावा असं तरी मी कवा म्हनले?"

विणकरानं तिचा हात धरला आणि दोघं घराकडं वळली. 

ती म्हातारी होऊन मरेपर्यंत तिला जो जो भेटला, त्याला त्याला तिनं ही गोष्ट सांगितली. स्वतःची चूक मोठी करून, दुसऱ्यांची लहान करून सांगितली. पुढं त्या गावानं आपल्या रीतीत एक भर घातली. आता दोन घरं एक व्हायची असली, की वस्तूंना काठी लावण्याआधी दोन्ही घरची माणसं ओट्यावर बसवतात, आणि घरातला कर्ता प्रत्येकाच्या पुढं जाऊन, त्याचं नाव घेऊन, मोठ्यानं म्हणतो, "तुमी ऱ्हावा." तान्ह्या बाळालाही म्हणतात आणि डोळ्यांनी दिसत नाही त्या म्हाताऱ्यालाही म्हणतात. मगच जातं आणि उखळ. रीत चांगली आहे, पण ती येसाईनंतर आली, म्हणून येसाईच्या काही उपयोगी पडली नाही.

म्हणून बाबांनो, ज्या माणसाला राखायचं आहे त्याला 'राहा' असं तोंडानं सांगावं. आपल्या मनात ठेवलेली जागा त्याला दिसत नाही.